नोटिशीला उत्तर हवे

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास, स्फोटकांनी पाडण्यात आला. बावधन-कोथरूडच्या गच्च्यांवरून, बाल्कन्यांमधून, बंदोबस्ताबाहेर जिथे उभे राहायला मिळाले तिथून लोकांनी तो क्षण मोबाइलमध्ये टिपला. पूल एका दणक्यात पुरता पडला नाही, उरलेले काम यंत्रांनी करावे लागले. चित्रफिती मात्र धुरळा बसण्याआधीच सगळीकडे पोचल्या होत्या. त्या दहा-वीस सेकंदांच्या तुकड्यांचा मालक कोण, हा प्रश्न त्या रात्री फारसा कोणाच्या डोक्यात आला नसणार. कायद्याचे उत्तर सोपे आहे. ज्याने स्वतःच्या पुढाकाराने मोबाइल धरला आणि चित्रण केले, तो मालक. त्याला नोंदणी करावी लागत नाही, शिक्का मारावा लागत नाही. चित्रण झाले की हक्क जन्माला येतो. आणि दुसऱ्या कोणी ते चित्रण उचलून, त्यावर आपले नाव छापून पुढे पाठवले, की त्या हक्काचा भंगही तिथेच होतो.

बावधनसारख्या उपनगरात हा विषय आता घराघरात आला आहे. बावधन खुर्द पुणे महापालिकेत जाऊन बरीच वर्षे झाली. बावधन बुद्रुक जून २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या तेवीस गावांमधले एक. मुळशीच्या उंबरठ्यावरच्या या वस्तीत कोणी पाककृतींच्या चित्रफिती करते, कोणी सह्याद्रीतल्या वाटांच्या, कोणी क्लासचे धडे टाकते, कोणी सोसायटीच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम. यातल्या बहुतेकांनी कॉपीराइटचा, म्हणजेच प्रताधिकाराचा, कायदा कधी उघडून पाहिलेला नसतो. मग एके दिवशी ई-मेल येते: तुमच्या मजकुरामुळे आमच्या हक्काचा भंग झाला आहे, इतक्या दिवसांत काढा, इतकी भरपाई द्या, नाहीतर फौजदारी कारवाईला तयार राहा.

अशा वेळी माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून सगळे पुसून टाकतात, प्रसंगी पैसेही भरतात. काही जण ‘असल्या नोटिशी येतच असतात’ म्हणून दुर्लक्ष करतात. दोन्ही चूक आहे, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, ते एका पक्षाचे म्हणणे आहे. पण ते म्हणणे खरेही असू शकते, आणि खरे असेल तर समोर आपल्यासारखाच कोणीतरी कष्ट करून काही निर्माण केलेला माणूस उभा असतो. म्हणून नोटीस वाचायची, स्वतःला प्रामाणिकपणे तपासायचे आणि लेखी उत्तर द्यायचे.

आधी आले आहे ते नेमके काय, हे ओळखावे लागते. यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. क्लेम बहुधा यंत्र करते. मालकांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांशी आणि चित्रफितींशी ते प्रत्येक नवी चित्रफीत ताडून पाहते आणि जुळणी आढळली की खूण करते. चित्रफीत बहुतेक वेळा जागेवर राहते, जाहिरातींचे पैसे मालकाकडे वळतात, चॅनेलवर ठपका येत नाही. त्यावर हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. स्ट्राइकचे तसे नाही. तिथे मालकाने चित्रफीत हटवण्याची रीतसर कायदेशीर मागणी केलेली असते, चित्रफीत खाली उतरवली जाते आणि नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक जमले की चॅनेलच बंद होऊ शकते. वकिलामार्फत आलेली नोटीस हा तिसरा प्रकार. तीत लिहिलेली सात किंवा पंधरा दिवसांची मुदत पाठवणाऱ्याने घातलेली असते, कायद्याने नव्हे. तरीही ती पाळावी, कारण पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर आपण उत्तर दिले होते की नाही, हे तिथे पाहिले जाते.

आणखी एक प्रकार आहे, तो निव्वळ फसवणुकीचा. ‘तुमच्या पानावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत या दुव्यावर जाऊन खुलासा करा’ अशा मजकुराचे संदेश फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या नावाने येतात, आणि दुव्यावर पासवर्ड टाकला की खातेच हातचे जाते. खरी तक्रार खात्याच्या आतल्या सूचनांमध्येही दिसते, म्हणून ई-मेलमधल्या दुव्याला हात न लावता थेट खाते उघडून खात्री करावी. कोणी फसलेच असेल आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

नोटीस खरी निघाली की मग अवघड भाग सुरू होतो, तो म्हणजे स्वतःची तपासणी. इथे मराठी माणसाच्या एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आपण दुसऱ्याचा लेख, कविता, छायाचित्र उचलतो, खाली ‘साभार’ लिहितो आणि काम झाले असे समजतो. नाव माहीत नसेल तर ‘लेखक अज्ञात’ लिहितो. ‘साभार’ म्हणजे आभार मानले, एवढेच. परवानगी घेतली, असा त्याचा अर्थ होत नाही. लेखकाचे नाव देणे हे कलम ५७ खाली त्याच्या नैतिक हक्कांपैकी एक आहे आणि ते दिलेच पाहिजे. पण नाव दिल्याने बाकीचे हक्क आपल्याकडे येत नाहीत.

पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण घेऊ, कारण त्यांच्यावर प्रेम करणारेच त्यांचे लेखन सर्वाधिक वाचून, म्हणून, टाकून मोकळे होतात. पुलंचे निधन १२ जून २००० रोजी झाले. भारतात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. म्हणजे पुलंच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत आहे. त्यांची व्यक्तिचित्रे स्वतःच्या आवाजात वाचून, श्रवणपुस्तक म्हणून इंटरनेटवर ठेवणाऱ्याचे प्रेम खरे असेल, आवाजही उत्तम असेल, पण हक्कदाराची परवानगी नसेल तर येणारी नोटीस योग्यच म्हणावी लागेल. साने गुरुजींचे तसे नाही. त्यांचे निधन ११ जून १९५० चे, तेव्हा १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले आहे. ‘श्यामची आई’ कोणीही छापावी, कोणीही वाचून टाकावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. आचार्य अत्र्यांचे लेखन २०२९ अखेरपर्यंत, गदिमांचे २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ज्याला मराठी साहित्य इंटरनेटवर आणायचे आहे, त्याने लेखकाच्या मृत्यूचे साल आधी पाहावे. अर्धे वाद तिथेच मिटतील.

गाण्यांत गुंता अधिक आहे, कारण तिथे हक्क थरांमध्ये असतात. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. पण लता मंगेशकर यांनी गायलेल्या आणि श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेल्या अभंगाची चाल खळ्यांची आहे. त्यांचे निधन २०११ चे, तेव्हा ती चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित. तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा. तो बहुधा कंपनीकडे असतो आणि प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून ‘अभंग तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे’ हे उत्तर शब्दांपुरते बरोबर आणि ध्वनिमुद्रणापुरते साफ चूक ठरते. उलटही घडते. सोसायटीतल्या भजनी मंडळाने पारंपरिक चालीत, स्वतःच्या टाळ-मृदंगावर गायलेला अभंग यंत्राला एखाद्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणासारखा वाटू शकतो आणि क्लेम येऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिथे मंडळाने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. शब्द संतांचे, चाल पारंपरिक, गायन आणि मुद्रण आमचे, असे तीन ओळींत लिहून हरकत नोंदवावी.

लग्नाच्या चित्रफितींचेही असेच आहे. लग्नाच्या वरातीत किंवा लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणे वाजवण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, म्हणून तीच गाणी चढवलेली लग्नाची चित्रफीत इंटरनेटवर टाकायलाही सूट आहे असे लोक धरून चालतात. सूट त्या समारंभातल्या वाजवण्यापुरती आहे. छायाचित्रांबाबत मात्र कायदा अनेकांच्या समजुतीच्या उलट बाजूला आहे. मोबदला देऊन कोणाकडून छायाचित्रे काढून घेतली आणि वेगळा करार केला नाही, तर कलम १७ प्रमाणे त्या छायाचित्रांचा पहिला मालक पैसे देणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. लग्नाचे स्वतःचेच फोटो टाकले म्हणून छायाचित्रकाराची नोटीस आली, तर आधी करार काढून पाहावा. करारच नसेल तर बाजू बहुधा आपली असते. आणि त्याच न्यायाने, छायाचित्रकाराने आपल्या जाहिरातीसाठी ते फोटो वापरण्यापूर्वी आपल्याला विचारायला हवे.

‘तीस सेकंदांपर्यंत चालते’, ‘सात सेकंदांपर्यंत चालते’ असे ठाम सांगणारे लोक जागोजागी भेटतात. भारतीय कायद्यात असा कोणताही सेकंदांचा आकडा नाही. कायदा पाहतो तो हेतू आणि प्रमाण. कलम ५२ मध्ये खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. नव्या मराठी चित्रपटाची समीक्षा करताना आपला मुद्दा दाखवण्यापुरते दृश्य घेणे यात बसू शकते. तेच दृश्य केवळ प्रेक्षक ओढायला लावणे बसत नाही. रस्त्यावरच्या गोष्टींबद्दलही कायदा उदार आहे. इमारतीचे, किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करणे हा भंग नाही. १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुल्या झालेल्या चांदणी चौकातल्या नव्या उड्डाणपुलाचा फोटो टाकला म्हणून कोणी हक्क सांगत असेल, तर तो मान्य करण्याची गरज नाही. मात्र दुसऱ्याने ड्रोनमधून काढलेला त्याच पुलाचा फोटो उचलता येत नाही.

कल्पनेवर तर हक्क नसतोच. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात १९७८ मध्येच हे ठरवून दिले की संरक्षण मांडणीला असते, कल्पनेला किंवा विषयाला नाही. ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटावर अशीच हरकत आली होती. आपल्या संकल्पनेवरून तो उचलला, असे एका लेखकाचे म्हणणे होते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी प्रदर्शन थांबवण्यास नकार दिला आणि पुढच्या जानेवारीत चित्रपट लागला. इंटरनेटवरच्या मजकुराचे याहून जवळचे प्रकरण ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’चे. सामान्य माणसांच्या गोष्टी त्यांच्या छायाचित्रासह सांगणाऱ्या या मुंबईच्या उपक्रमाने तशाच दुसऱ्या एका पानाविरुद्ध २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. मुळात ही कल्पना न्यूयॉर्कच्या ज्या उपक्रमावरून आली, त्याच्या संस्थापकानेच या दाव्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. न्यायालयाने गोष्टी सांगण्याच्या कल्पनेवर कोणाचीही मक्तेदारी मानली नाही, पण एकमेकांची छायाचित्रे आणि मजकूर मात्र वापरू नका, असे दोघांनाही बजावले. तीच पाककृती, तोच गड, तोच विषय दुसऱ्यानेही केला म्हणून नोटीस पाठवणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही हा निकाल लक्षात ठेवावा. विषय सर्वांचा आहे. त्यावर लिहिलेले वाक्य आणि केलेले चित्रण ज्याचे त्याचे.

आता कायद्याने घालून दिलेल्या वाटेकडे येऊ. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्याखालचे नियम २०१३ चे. नियम ७५ प्रमाणे हक्कदाराने मजकूर साठवणाऱ्या सेवेकडे करायच्या लेखी तक्रारीत काय काय असले पाहिजे, हे नेमके सांगितले आहे. कोणती कृती, मालकी आपली कशी, भंग कसा झाला आणि तो कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, मजकूर नेमका कुठे आहे, आणि आपण एकवीस दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून सादर करू अशी हमी. सेवेने छत्तीस तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची. पण एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करण्याची तिला मोकळीक आहे. नुसत्या तक्रारीवर कोणाचे म्हणणे कायमचे दाबता येऊ नये आणि खऱ्या मालकाला निकालाची वाट पाहत नुकसानही सोसावे लागू नये, असा हा तोल आहे. आम्हाला तो मोलाचा वाटतो. ‘मायस्पेस’च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेही सांगितले, की मजकूर साठवणाऱ्या कंपनीला नेमकी माहिती देणारी तक्रार मिळायला हवी, ‘आमचे सगळे काढा’ असे ढोबळ म्हणून भागत नाही.

प्रत्यक्षात मात्र मोठ्या कंपन्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या चौकटीने चालतात. तिथे तक्रारीवर ‘काउंटर नोटीस’ देता येते. ती दिली की तक्रारदाराने दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर मजकूर परत येतो. हे हत्यार प्रभावी आहे, पण विचार करून उचलावे. त्यात आपले खरे नाव-पत्ता द्यावा लागतो, तो तक्रारदाराकडे जातो, आणि आपले म्हणणे खरे असल्याचे शपथेवर सांगावे लागते. दुसऱ्याचे गाणे खरोखर उचललेले असताना रागाच्या भरात काउंटर नोटीस देणे म्हणजे आपणहोऊन खटल्याला आमंत्रण.

या व्यवस्थेत तोल कसा बिघडू शकतो, याची चर्चा मे २०२५ मध्ये देशभर झाली. मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला, की त्याच्या लांब चित्रफितींमध्ये ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेचे काही सेकंदांचे चित्रण होते, त्यावरून स्ट्राइक आले आणि ते मागे घेण्यासाठी परवान्यापोटी ४५ ते ५० लाखांच्या घरातली रक्कम सांगण्यात आली. आपण आपले कायदेशीर हक्कच बजावत आहोत, असे ‘एएनआय’चे म्हणणे. तिने मंगल यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. या प्रकरणात कोण बरोबर, हे न्यायालय ठरवील. पण त्यातून दिसलेली रचना काळजी करण्यासारखी आहे. वृत्तांकनासाठी काही सेकंद वापरणे रास्त की नाही, हा प्रश्न न्यायाधीशाने ठरवायचा. मात्र नव्वद दिवसांत तीन स्ट्राइकची टांगती तलवार असली की तो प्रश्न न्यायालयापर्यंत पोचतच नाही, बाहेरच पैशांत मिटतो. ज्याची रोजीरोटी चॅनेलवर आहे त्याला तत्त्वासाठी भांडणे परवडत नाही. चित्रणाला किंमत मागणे हा मालकाचा अधिकार आहे. पण चॅनेल बंद पडण्याच्या भीतीने जी किंमत वाढते, ती चित्रणाची किंमत नव्हे.

म्हणूनच उत्तर कसे लिहायचे, याला महत्त्व आहे. ते छोटे असावे, शिवीगाळ नसावी, उपरोध नसावा. आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. आपण उल्लेखिलेली कृती नेमकी कोणती, ती आमच्या मजकुरात कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत आहे, आणि त्यावरचा हक्क आपल्याकडे कसा आला याची कागदपत्रे कृपया पाठवावीत. मूळ निर्मात्याकडून हक्क घेतला असेल तर सहीचा लेखी करार असावा लागतो, कारण कलम १९ प्रमाणे तोंडी हस्तांतरण चालत नाही. तोपर्यंत, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून आणि भंग मान्य न करता, आम्ही तो भाग तात्पुरता मागे घेत आहोत. अशा चार-पाच वाक्यांचे पत्र बहुतेक प्रकरणांत पुरते. मजकूर काढला म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही, हे शेवटचे वाक्य स्पष्ट करते. मात्र काढण्यापूर्वी त्या पानाची प्रत, तारीख, वेळ आणि मूळ फाइल जपून ठेवावी. घाईने सगळे पुसणाऱ्याच्या हाती पुढे स्वतःच्या बचावाचाही पुरावा उरत नाही.

चूक आपलीच असेल तर तेही तितक्याच सरळ लिहावे. मजकूर काढला, नकळत झाले, दिलगीर आहोत. वापर मोठा असेल, त्यातून कमाई झाली असेल, तर योग्य मोबदल्याची बोलणी करावी आणि पैसे देण्याआधी ‘या प्रकरणी आता काही मागणे नाही’ असे लिहून घ्यावे. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे कारणही नव्हते, असे सिद्ध करता आले तर कलम ५५ प्रमाणे भरपाईच्या मागणीला मर्यादा येते. पण हे कारण कोणत्याही प्रसिद्ध गाण्याबाबत कोणी ऐकणार नाही. आणखी एक पळवाट लोक शोधतात: ‘तुमची नोंदणीच नाही.’ ‘संजय सोया’ प्रकरणात, खाद्यतेलाच्या वेष्टनावरून झालेल्या वादात, मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की हक्क सांगण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. त्या उत्तराने आपलीच बाजू लंगडी होते.

फौजदारीची धमकी पोकळ समजू नये आणि तिने गळूनही जाऊ नये. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. म्हणून पोलिसांचा फोन आला तर वकिलाचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा. पण याच कायद्यात कलम ६० आहे, आणि त्याचा वापर व्हावा तितका होत नाही. कोणी निराधार धमक्या देत असेल, तर धमकी मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊन ‘मी भंग केलेला नाही’ असे जाहीर करून मागू शकतो, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. धमकी देणाऱ्याने तत्परतेने भंगाचा दावा लावला तरच त्याची यातून सुटका. वर्षभर नोटिशी पाठवत राहायचे आणि न्यायालयाची पायरी चढायची नाही, अशा मंडळींसाठी हे कलम आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे घरबसल्या चित्रफिती करणाऱ्या अनेक जणींना माहीत नसते.

शेवटी, नोटीस घेणारा हाच उद्या नोटीस देणारा असू शकतो. गावच्या सप्ताहात कोणी कीर्तन केले आणि समोर बसलेल्याने ते न विचारता चित्रित करून आपल्या चॅनेलवर टाकले, तर कीर्तनकारालाही कायद्याने कलाकार म्हणून हक्क आहे. व्याख्यान देणाऱ्यालासुद्धा कायदा कलाकार मानतो आणि आपल्या सादरीकरणाचे चित्रण करू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार देतो. वारकरी परंपरेत कीर्तन सर्वांसाठी असते. पण सर्वांसाठी असणे वेगळे, आणि एकाने त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवणे वेगळे. विचारून घेतले असते तर बहुतेक कीर्तनकारांनी हो म्हटले असते.

ज्यांच्या हातून काही घडते, लिहिले जाते, टिपले जाते, त्या बावधनच्या आणि बाहेरच्याही वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्या प्रत्येक चित्रफितीची, छायाचित्राची, लेखाची मूळ फाइल, घेतल्याची तारीख आणि मिळालेल्या परवानग्या एका जागी, वेगळ्या जपून ठेवा. नोटीस आली तरी आणि नोटीस द्यायची वेळ आली तरी, वकील सगळ्यात आधी तेच मागेल.